‘नेऊन ठेवा’ म्हणण्याआधी

तालुक्याच्या गावातले एक निवृत्त शिक्षक. वय ७६. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून आपणही तसेच म्हणू. (ही हकिगत एका घराची नाही, आमच्या पाहण्यातल्या दोन-तीन घरांची मिळून केलेली आहे.) पत्नी जाऊन दोन वर्षे झाली. गेल्या सात-आठ महिन्यांपासून गुरुजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, चष्मा ठेवायचा तिथे न ठेवता भलतीकडेच ठेवतात. पण सकाळी पेपर वाचतात, संध्याकाळी देवळापर्यंत फिरून येतात. वय झाले की होतेच असे, असे म्हणून घरात कुणी त्याचा फार विचार केला नव्हता.

मग एका आठवड्यात सगळे बदलले. मंगळवारी रात्री दोन वाजता गुरुजी उठले, सदरा चढवला आणि ‘पहिली घंटा झाली’ म्हणत दाराची कडी काढू लागले. बुधवारी त्यांना कोऱ्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती. गुरुवारी त्यांनी जेवणाचे ताट सरकवले, ‘यात काहीतरी कालवलंय’ म्हणाले, आणि समजवायला गेलेल्या सुनेवर काठी उगारली. शुक्रवारी सकाळी अंगणात शेजारी जमले. कुणीतरी म्हणाले, “आता येरवड्याला नेऊन ठेवा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलाने आम्हाला विचारले, “दादा तर घराबाहेर यायला तयार नाहीत. उचलून न्यायचं का? आणि नेलं तर सही कुणाची लागते?”

प्रश्न दोन होते. गुरुजींना झाले काय आहे, आणि त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना रुग्णालयात नेता येते का? तिसराही एक प्रश्न होता, तो अंगणात कुणीच विचारला नाही: नेले तर परत कधी आणायचे? पुढे दिसेल की या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवावे लागते.

आधी लघवी विचारा

गुरुजींना पाहायला आलेल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मनाबद्दल नव्हता. “लघवी कधी झाली?” घरात कुणालाच सांगता येईना. पोटावर हात ठेवला तर मूत्राशय नाभीपर्यंत फुगलेले. नळी घातल्यावर लिटरभर लघवी निघाली. तिच्यात जंतूंचा संसर्ग होता. मग मागचा शोध सुरू झाला. आठ दिवसांपूर्वी सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या होत्या. त्या घेतल्यावर झोप लागेना असे वाटले, म्हणून घरात पडून असलेली झोपेची गोळीही चालू केली होती.

ही साखळी शिक्षकांनी नीट समजून घेण्याजोगी आहे. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांमध्ये (उदाहरणार्थ, क्लोरफेनिरामिन असलेल्या) ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडवण्याचा गुण असतो. नाक कोरडे पडते ते त्यामुळेच. पण मूत्राशय आकुंचन पावून लघवी बाहेर पडते तीही ॲसिटिलकोलीनच्याच निरोपावरून. वयामुळे प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या माणसात आधीच वाट अरुंद झालेली असते. त्यात निरोपही पोहोचला नाही की लघवी तुंबते. हेच रसायन मेंदूत लक्ष एकाग्र ठेवणे आणि आठवण साठवणे या कामांसाठी लागते. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या मेंदूत त्याचा साठा आधीच तुटपुंजा असतो. तरुण माणसाला त्याच गोळीने थोडी गुंगी येईल, इतकेच. गुरुजींच्या मेंदूचा मात्र ताळतंत्र सुटला.

झोपेच्या गोळीचा हिशेब आणखी चमत्कारिक आहे. डायझेपाम हे औषध शरीरातून निम्मे कमी व्हायला लागणारा वेळ वयाबरोबर वाढत जातो, आणि ढोबळ मानाने तो जेवढी वर्षे वय तेवढे तास असतो. विशीतल्या मुलाला वीस तास, तर ७६ वर्षांच्या माणसाला तीन दिवसांहून अधिक. म्हणजे रोज एक गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात कालची, परवाची आणि तेरवाचीही गोळी शिल्लक असते.

या अवस्थेला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसे ‘तापात वात झाला’ म्हणत, ती जवळपास हीच गोष्ट. तिची खूण अशी, की ती तासांत किंवा दिवसांत सुरू होते, दिवसभरात कमीजास्त होते, रात्री बळावते आणि तिच्यात लक्ष टिकत नाही. वर्गातल्या माणसाला करता येईल अशी एक साधी चाचणी आहे: वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार... सुरुवातीचा स्मृतिभ्रंश असलेला माणूस हळूहळू का होईना, बहुधा म्हणतो. डेलिरियम असलेला माणूस शुक्रवारपाशी हरवतो आणि खिडकीकडे बघू लागतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. चार दिवसांत वाढलेला ‘वेडेपणा’ हा बहुतेक वेळा शरीराच्या आजाराचा निरोप असतो. फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, पाणी कमी पडणे, साखर घसरणे, मांडीचे हाड मोडणे, साधा बद्धकोष्ठसुद्धा पुरतो. याचा एक मुका प्रकारही असतो. त्यात म्हातारा माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता पडून राहतो. तो जास्त सुटतो, कारण त्याचा कुणाला त्रास होत नाही.

गुरुजींना मनोरुग्णालयात नव्हे, साध्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ठेवले. सर्दीची गोळी तत्काळ बंद केली, झोपेची हळूहळू कमी केली, प्रतिजैविक दिले. पाचव्या दिवशी त्यांनी पेपर मागितला. शुक्रवारच्या सभेचा ठराव अमलात आला असता तर काय झाले असते? अनोळखी जागा, अनोळखी माणसे, शांत करण्यासाठी आणखी एक औषध, आणि मूळ कारण पोटात तसेच. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना शांत करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिलेला आहे.

इथे एका ब्रिटिश बाईंची आठवण करायला हवी. बार्बरा रॉब या मानसोपचारतज्ज्ञ लंडनच्या फ्रिएर्न रुग्णालयात एका वृद्ध स्त्रीला भेटायला गेल्या. तिथल्या वॉर्डात म्हाताऱ्या बायकांचे चष्मे, कवळ्या आणि कानातली यंत्रे काढून घेतलेली त्यांना दिसली. दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता नीट येत नाही, असे माणूस बाहेरून पाहणाऱ्याला वेडेच वाटणार. आणि ज्ञानेंद्रियांची वाट बंद झाली की मेंदूचा गोंधळ खरोखरच वाढतो. रॉब यांनी १९६५ साली ‘द टाइम्स’मध्ये पत्र छापून आणले आणि १९६७ साली ‘सान्स एव्हरीथिंग’ हे पुस्तक काढले. सरकारी चौकशीने आधी बहुतेक आरोप नाकारले. पण १९६९ साली कार्डिफच्या ईली रुग्णालयाचा चौकशी अहवाल आला आणि अशा गोष्टी घडतात हे मान्य करावे लागले.

नेलेच पाहिजे तेव्हा

इतके वाचून कुणाला वाटेल, की वृद्धांना मनाविरुद्ध दाखल करणे हा अन्यायच. तसे आम्हाला म्हणायचे नाही. दुसऱ्या घरातल्या आजींचे उदाहरण घ्या. वय ६९, आधी कधी मनाचा आजार नाही. दिवाळीनंतर बोलणे कमी झाले, पहाटे तीनला उठून बसू लागल्या, मग जेवण कमी झाले. शेवटी त्यांनी पाणीही नाकारायला सुरुवात केली. कारण विचारले तर शांतपणे सांगत, “माझी आतडी सडून गेलीत. घालून काय उपयोग? तुम्ही उगाच अन्न वाया घालवता.” तारीख बरोबर सांगत, दुधाचा हिशेब बिनचूक करत. रुग्णालयाचे नाव काढले की हात जोडत.

हे वृद्धापकाळातले तीव्र नैराश्य. शरीराचा एखादा भाग नष्ट झाला आहे, असा घट्ट भ्रम त्यात होऊ शकतो. अशा माणसाची वाट पाहत बसणे म्हणजे त्याला मरू देणे. आजींना मनाविरुद्ध दाखल करावे लागले, भूल देऊन विजेचे उपचार करावे लागले. (सिनेमात दाखवतात तसे जागेपणी, हातपाय धरून नव्हे, भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करायला आता कायद्याने बंदी आहे.) तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली, आणि मुलीला रडू आले.

म्हणजे कायद्याला दोन्ही घरांत उपयोगी पडायचे आहे: आजींना दाखल करता आले पाहिजे आणि गुरुजींना उगाच डांबता येता कामा नये. दोघेही ‘मला जायचं नाही’ असेच म्हणत होते.

कायदा काय विचारतो

१९१२ सालच्या इंडियन ल्युनसी ॲक्टमध्ये माणसाला मनोरुग्णालयात धाडण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देत असे. प्रश्न एकच असे: हा माणूस वेडा आहे की नाही? १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. त्यात नातेवाइकाने अर्ज करावा, दोन डॉक्टरांनी दाखले द्यावेत, आणि संमती न देणाऱ्या रुग्णाला ९० दिवसांपर्यंत ठेवावे, अशी एक सोय होती. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केल्यावर हेही पुरेसे नव्हते. म्हणून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याने प्रश्नच बदलला. माणूस वेडा आहे का, हे विचारायचे नाही. विचारायचे ते असे: हा विशिष्ट निर्णय हा माणूस आज घेऊ शकतो का?

त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या. समोर ठेवलेली माहिती त्याला समजते का. निर्णयाचे दिसण्याजोगे परिणाम त्याच्या ध्यानात येतात का. आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा इतर कशानेही कळवू शकतो का. इतरांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो असमर्थ ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. गणितात नापास झालेल्या मुलाला आपण चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर काढत नाही, तसेच हे. आजी दुधाचा हिशेब करू शकत होत्या, म्हणून पैशाचे निर्णय त्यांचेच. पण ‘न खाल्ल्यास मी मरेन’ हा परिणाम त्यांच्या ध्यानात येऊच शकत नव्हता, कारण त्यांच्या लेखी पोटच उरले नव्हते. गुरुजी मंगळवारी असमर्थ होते आणि पुढच्या बुधवारी समर्थ. क्षमता ही उंचीसारखी स्थिर नसते, तापासारखी चढते-उतरते.

मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, भावना, आकलन आणि भान यांच्याबरोबर स्मृतीचाही उल्लेख आहे, त्यामुळे निर्णयशक्ती आणि वागणे फार बिघडवणारा स्मृतिभ्रंश या कायद्याखाली येतो. ही लहान गोष्ट नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातल्या ६० वर्षांवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आणि आजाराचे निदान झाले म्हणून माणूस ‘विकल मनाचा’ ठरत नाही. तसे ठरवायचा अधिकार फक्त न्यायालयाला. हे वाक्य कायद्यात का घालावे लागले, ते जमिनीचे सातबारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

आता मुलाचा प्रश्न: उचलून न्यायचे का? जीव धोक्यात असेल, स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होईल अशी स्थिती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार सुरू करू शकतो आणि रुग्णालयात हलवू शकतो. रुग्णाचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ही सवलत ७२ तासांची. त्यापुढे मनाविरुद्ध ठेवायचे असेल तर रुग्णाच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’चा अर्ज लागतो, आणि दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवा. दोघांचेही मत असे पडले पाहिजे, की आजार गंभीर आहे आणि त्यामुळे माणसाने अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, किंवा दुसऱ्यांवर हिंसा केली अथवा त्यांना तशी भीती घातली, किंवा स्वतःची काळजी न घेता आल्याने तो धोक्यात आहे. शिवाय याहून कमी बंधनाचा दुसरा उपाय नाही, हेही दाखवावे लागते. ‘घरात सांभाळायला कुणी नाही’ हे कारण या यादीत नाही.

मुदत

अशा दाखल्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने ही गोष्ट मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला पुरुषाच्या बाबतीत सात दिवसांत आणि स्त्रीच्या बाबतीत तीन दिवसांत कळवायची. रुग्णाच्या वतीने प्रतिनिधी संमती देत असेल, तर रुग्णाला स्वतः संमती देता येते का हे दर सात दिवसांनी तपासायचे. मंडळावर जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, डॉक्टर असतात, आणि स्वतः मानसिक आजारातून गेलेली माणसे, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे कार्यकर्तेही असतात. रुग्ण स्वतः त्यांच्याकडे दाद मागू शकतो, त्यासाठी वकील मोफत मिळतो. ३० दिवसांपुढे ठेवायचे तर दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी लागते: आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग दर वेळी १८०.

आकडे रुक्ष वाटतील. पण कायद्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, असे आमचे मत आहे. मनाविरुद्ध दाखल करणे हा उपचार आहे, आणि उपचाराला मुदत असते. मुदत नसेल तर तो पत्ता होतो. २०१९ साली देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तिथेच राहत असल्याचे दिसले. बरे झालेल्यांनाही ठेवून घेतले जाते, यावर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२३ साली कडक शब्दांत बोट ठेवले. यात डॉक्टर वाईट असतात असे नाही. पत्रे परत येतात, फोन बदललेले असतात, घराचे दार उघडत नाही. आत आलेला पन्नाशीचा माणूस तिथेच म्हातारा होतो. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेऊ नये, असे २०१७ चा कायदा सांगतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात तर ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने वृद्धाला कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण बाहेरच्या सोयी कागदावर लिहून उभ्या राहत नाहीत. पुनरावलोकन मंडळे स्थापन व्हायलाच अनेक राज्यांत काही वर्षे गेली.

आणि एक कुलूप असे आहे, की ज्याच्यावर कोणत्याच मंडळाची नजर नाही: घरातल्या मागच्या खोलीचे. सून नोकरीला, मुलगा शेतावर, म्हणून सासऱ्यांना आत ठेवून बाहेरून कडी घालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. दिवसभराचे पाळणाघर जसे लहान मुलांसाठी निघाले तसे म्हाताऱ्यांसाठी अजून फार थोड्या गावांत आहे, हे त्यामागचे खरे दुखणे. अशा घरांना निदान बोलायला माणूस मिळावा यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे.

साध्या कागदावर

गुरुजींच्या मुलाचा सहीचा प्रश्न राहिला. अर्जावर सही नामनिर्देशित प्रतिनिधीची लागते, आणि हा प्रतिनिधी मुलगाच असला पाहिजे असे नाही. कोणीही सज्ञान माणूस, ज्याला ही जबाबदारी लेखी मान्य आहे, तो चालतो. आधी नेमला नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारा, मग मंडळाने ठरवलेली व्यक्ती, असा क्रम आहे. नेमायचा असेल तर मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. याशिवाय ‘आगाऊ निर्देश’ लिहून मंडळाकडे नोंदवता येतो: पुढे मला निर्णय घेता आला नाही, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. तातडीच्या उपचारांना तो लागू नाही, आणि घरच्यांना किंवा डॉक्टरांना तो पटला नाही तर त्यांनी मंडळाकडे जायचे, परस्पर मोडायचा नाही. स्मृतिभ्रंशाची नुकती सुरुवात झालेल्या माणसाने हे लिहायची वेळ तीच, कारण पुढे ते शक्य होणार नाही.

गुरुजींनी घरी आल्यावर महिनाभराने लिहिले. प्रतिनिधी म्हणून त्यांनी मुलाचे नाव न घालता गावातच राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे घातले. मुलावर सहीचे ओझे नको म्हणाले. मुलाला आधी वाईट वाटले. मजकूर दहा-बारा ओळींचाच आहे, अक्षर पूर्वीसारखेच वळणदार आहे. शेवटची ओळ अशी, की न्यायचे झालेच तर चष्मा आणि कानातले यंत्र बरोबर द्यावे, यंत्राचे जादा सेल कपाटाच्या वरच्या खणात आहेत.